खेळण्यांचं गाव आणि दगडी मैदान

मुलांनो, नकाशा काढा पाहू! आज आपल्याला जर्मनीला जायचंय. युरोपच्या मध्यभागी जर्मनी सापडली ना? तिच्या दक्षिणेला बव्हेरिया नावाचा मोठा प्रांत आहे. त्या प्रांताच्या उत्तर भागाकडे बोट न्या. तिथे न्यूरेंबर्ग हे गाव दिसेल. आता बोट खाली आणा, म्युनिक सापडेल. दोन्हींवर पेन्सिलीने एकेक ठिपका द्या. पहिल्या ठिपक्यापासून आपण निघू आणि दुसऱ्यावर थांबू.

माझा धाकटा भाऊ नोकरीसाठी तिकडे असतो. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेले होते, तेव्हा ही दोन्ही गावं पायी हिंडून पाहिली. त्यातलं तुम्हांला सांगण्यासारखं ते आज सांगते. आणि हो, आईबाबांनाही शेजारी बसवून घ्या. हा लेख त्यांच्यासाठीही आहे.

न्यूरेंबर्गच्या स्टेशनातून बाहेर पडलं, की रस्त्यापलीकडे जुन्या गावाची तटबंदी उभी! भक्कम गोल बुरूज, तटाबाहेर कोरडा खंदक आणि पार पलीकडे टेकडीवर किल्ला. आपण गडकिल्ल्यांच्या मुलखातली माणसं. त्यामुळे हे सगळं परकं वाटतच नाही. तटाच्या आत दगडी फरसबंदीचे रस्ते आणि उतरत्या लाल छपरांची घरं आहेत. पाचशे वर्षांपूर्वीचा थोर चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याचं घरही इथेच आहे. दुकानांतून 'लेबकूखेन' नावाची बिस्किटं मिळतात. मध, सुकामेवा, दालचिनी, लवंग घातलेली. खुसखुशीत नव्हेत हं, केकसारखी मऊ!

आणि खेळणी! लाकडी बाहुल्या, पत्र्याच्या आगगाड्या, किल्ली दिली की पळणारी चित्रं. न्यूरेंबर्गची खेळणी कित्येक पिढ्या जगभर जातात. खेळण्यांचं एक मोठं संग्रहालयच गावात आहे. दर वर्षी इथे खेळण्यांचा जगप्रसिद्ध व्यापारी मेळाही भरतो. मुलांना काय आवडतं, हे या गावाला पूर्वीपासून नेमकं ठाऊक आहे.

पण मुलांना काय आवडतं हे ठाऊक असणारी आणखीही काही माणसं या गावात आली होती. त्यांनी गावाबाहेर एक मैदान बांधलं. तेच पाहायला आपण आता ट्रॅममध्ये बसूया.

तळ्याकाठची अर्धवट इमारत

पंधरा-वीस मिनिटांत ट्रॅम आपल्याला गावाच्या आग्नेयेला एका तळ्यापाशी सोडते. तळ्यात बदकं, होड्या. काठावर मंडळी पावात तीन छोटी सॉसेज घालून खात बसलेली. आपला वडापाव, तसा त्यांचा हा पाव!

तळ्याकाठी एक अजस्र दगडी इमारत आहे. तिचा आकार घोड्याच्या नालेसारखा. रोमच्या कलोसियमचं चित्र तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात पाहिलं असेल, तसंच काहीसं. आत पन्नास हजार माणसं बसतील असं सभागृह व्हायचं होतं. १९३५ साली काम सुरू झालं, १९३९ साली युद्ध पेटलं आणि काम थांबलं. छप्पर कधी झालंच नाही. आज आत उभं राहून वर पाहिलं, की नुसतं आभाळ दिसतं.

एवढं मोठं सभागृह कशासाठी? तर नाझी पक्षाच्या मेळाव्यांसाठी. १९३३ ते १९३८ अशी सहा वर्षं दर सप्टेंबरात हा मेळावा न्यूरेंबर्गला भरे. देशभरातून लाखो माणसं येत.

थोडा इतिहास सांगायला हवा. पहिल्या महायुद्धात, म्हणजे १९१८ साली, जर्मनी हरली. तो अपमान लोकांच्या मनात सलत होता. पुढे मंदी आली आणि १९३२ च्या सुमारास साठ लाखांच्या आसपास माणसं बेकार झाली. अशा वेळी ॲडॉल्फ हिटलर सांगू लागला, ''हा सगळा दोष ज्यूंचा आणि आपल्या शत्रूंचा. मी देश पुन्हा मोठा करीन.'' ज्यू ही तिथली एक छोटी जमात, शंभरात एकसुद्धा नाही. पण पोट रिकामं असलं, की दोष द्यायला कुणीतरी हवं असतं. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर, म्हणजे पंतप्रधान झाला. काही महिन्यांतच बाकीचे पक्ष बंद. विरोधी वर्तमानपत्रं बंद. एक पक्ष, एक पुढारी, एक मत! अशा राज्याला 'सर्वंकष सत्ता' म्हणतात. ती नुसता कारभार करून थांबत नाही. घरात, शाळेत आणि जमलं तर मनातही शिरते.

तळ्याला वळसा घालून पुढे गेलं, की ते मैदान येतं. १९०९ साली इथे झेपेलिन नावाचं प्रचंड हवाई जहाज उतरलं होतं, म्हणून त्याला 'झेपेलिन मैदान' म्हणतात. एका बाजूला दगडी पायऱ्यांचा चौथरा आहे. लांबी किती? ३६० मीटर! तुमच्या शाळेचं मैदान शंभर मीटरचं धरलं, तर साडेतीन मैदानं एकापुढे एक. मधोमध पुढे आलेला कठडा आहे, तिथून हिटलर भाषण करी. रात्री शंभराहून जास्त सर्चलाइट सरळ आकाशात सोडत. प्रकाशाचेच खांब उभे! खाली झेंडे, मशाली, ढोल. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या अंगावर शहारा न येईल तर नवल.

त्या झेंड्यांवर स्वस्तिकासारखं तिरकं चिन्ह असे. आपल्या उंबऱ्यावर काढतो त्या स्वस्तिकाच्या अर्थाशी त्याचं काही नातं नाही बरं का! जर्मन भाषेत त्याला 'आकड्यांचा क्रूस' अशा अर्थाचं नाव आहे.

शनिवारी शाळेला सुट्टी!

नाझींनी मुलांना धरून-बांधून आणलं असेल, असं वाटतं ना? सुरुवात मुळीच तशी झाली नाही.

त्यांनी 'हिटलर युवक' नावाची संघटना चालवली होती. १० ते १४ वर्षांची मुलं छोट्या गटात, १४ ते १८ ची मोठ्या गटात. मुलींची संघटना वेगळी. तिथे काय होतं? तंबूत राहणं, डोंगरात भटकणं, शेकोटी, गाणी, बिगूल आणि ढोल. छोट्या मुलांची परीक्षा असे. साठ मीटर बारा सेकंदांत धावायचं, पावणेतीन मीटर लांब उडी मारायची, चेंडू पंचवीस मीटर फेकायचा. पुढाऱ्यांची माहितीही घोकून म्हणून दाखवायची. पास झालं, की कमरेला लावायला खराखुरा सुरा! जरा मोठ्या मुलाला लहान मुलांच्या तुकडीचा नायक करत. घरी ज्याला कुणी 'शेंडेफळ' म्हणत असेल, तो इथे हुकूम सोडू लागे.

१९३४ पासून काही काळ तर आणखी एक गंमत होती. शनिवारी या संघटनेच्या मुलांना शाळा नाही, त्यांना मैदानावर कार्यक्रम. आणि जी मुलं संघटनेत नाहीत, त्यांनी शाळेत बसायचं! आता सांगा, तुम्ही काय केलं असतं?

१९३२ च्या अखेरीला या संघटनेत साधारण एक लाख मुलं होती. वर्षभरातच ती वीस लाखांच्या वर गेली. १९३६ च्या अखेरीला चोपन्न लाख.

पण मुलं अशी रमत असताना एकेक दार हळूच बंद होत होतं. स्काउटसारख्या दुसऱ्या संघटनांवर बंदी आली. डिसेंबर १९३६ मध्ये कायदा झाला, की देशातली सगळी मुलं हिटलर युवकांत एकवटायची. मार्च १९३९ मध्ये तर सक्तीच झाली. मुलाचं नाव न घालणाऱ्या आईबापांना दंड किंवा कैद. संध्याकाळ संघटनेची, सुट्टी संघटनेची. आईबाबांशी दोन शब्द बोलायला वेळ उरू नये, अशीच ती व्यवस्था. डिसेंबर १९३८ मधल्या एका भाषणात हिटलरने उघडच सांगितलं, की मूल दहाव्या वर्षी आमच्याकडे येतं, मग एका संघटनेतून दुसरीत जातं आणि जन्मभर मोकळं होत नाही. हे तो अभिमानाने सांगत होता!

गणिताच्या तासाला

मी प्राथमिक शाळेत शिकवते. म्हणून तिथल्या शाळांत काय घडलं, याकडे माझं जास्त लक्ष होतं.

१९३३ च्या एप्रिलमध्ये कायदा करून ज्यू आणि विरोधी मताच्या शिक्षकांना सरकारी नोकरीतून काढायला सुरुवात झाली. उरलेले बहुतेक सगळे नाझी शिक्षक संघात गेले. वर्गात आल्यावर 'नमस्ते'ऐवजी हात उंचावून हिटलरचा जयजयकार. जीवशास्त्राच्या तासाला कोणता वंश श्रेष्ठ, हा धडा. आणि गणित? तुम्ही म्हणाल, गणितात काय शिकवणार? दोन अधिक दोन चारच ना!

तर तेव्हाच्या एका पाठ्यपुस्तकातलं उदाहरण सांगते. मनोरुग्णांचं एक इस्पितळ बांधायला साठ लाख मार्क लागतात. एक घर बांधायला पंधरा हजार मार्क. तर इस्पितळाच्या पैशात किती घरं होतील? भागाकार सोपा आहे. उत्तर चारशे. मुलं उत्तर काढत, बाई किंवा गुरुजी बरोबरची खूण करत. पण वहीत उत्तरासोबत आणखी एक गोष्ट उतरत होती. ती म्हणजे, हे रुग्ण आपल्या वाटची घरं खातात. कुणी तसं तोंडाने सांगितलंसुद्धा नाही! पुढे १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत नाझी सरकारने अशा सत्तर हजारांहून जास्त रुग्णांना ठार मारलं.

दुसरं उदाहरण याच खेळण्यांच्या गावातलं. पावसाळ्यात उकिरड्यावर कुत्र्याच्या छत्र्या उगवतात ना? काही अळंबी खायच्या असतात, काही विषारी. १९३८ साली न्यूरेंबर्गमध्ये 'विषारी अळंबी' या नावाचं रंगीत चित्रांचं पुस्तक छापलं गेलं. त्यात आई आपल्या लहानग्याला सांगते, की जशी विषारी अळंबी ओळखू येत नाहीत, तसे ज्यूही ओळखू येत नाहीत. म्हणून त्यांच्यापासून सावध राहा. सुंदर कागद, छान चित्रं, आणि आत हे विष. ते लिहिणारा शिक्षक होता. छापणारा यूलियुस श्ट्रायखर, तोही एके काळी न्यूरेंबर्गमध्ये प्राथमिक शिक्षक होता. हे समजलं, तेव्हा त्या थंड हवेतही मला घाम फुटला. खडू हातात असला, की माणूस चांगलाच असतो असं नाही.

आणि वर्गातल्या ज्यू मुलांचं काय? कालपर्यंत डबा वाटून खाणारे मित्र त्यांच्याशी बोलेनासे झाले. नोव्हेंबर १९३८ मध्ये सरकारी शाळांची दारं त्यांना पूर्ण बंद झाली. पुढच्या युद्धाच्या काळात नाझींनी सुमारे साठ लाख ज्यूंना मारलं. त्यांत पंधरा लाखांच्या आसपास मुलं होती. तुमच्याएवढी आणि तुमच्याहून लहान.

''बाई, मग आपली कवायत?''

तुमच्यापैकी कुणीतरी आता हात वर करणार, हे मला माहीत आहे. ''बाई, आपणही सव्वीस जानेवारीला कवायत करतो. गणवेश घालतो, झेंड्याला सलामी देतो. मग ते वाईट का?''

प्रश्न अगदी बरोबर आहे. कवायत वाईट नाही. लेझीम, गणवेश, सहल, शेकोटी, देशावरचं प्रेम, यांतलं काहीच वाईट नाही. ते चांगलं आहे म्हणून तर नाझींनी त्याचा गळ केला. तेव्हा गळाला लावलेलं खाऊ न पाहता गळ पाहायला शिकायचं.

तो ओळखायला तीन प्रश्न पुरतात. पहिला, इथून बाहेर पडता येतं का? उद्या तुम्ही म्हणालात, ''बाई, मला स्काउट नको, चित्रकला हवी,'' तर तुमच्या बाबांना कुणी तुरुंगात टाकत नाही. दुसरा, इथे 'का?' असं विचारता येतं का? आणि तिसरा सगळ्यांत महत्त्वाचा. इथे आपल्याला कुणाचा तरी द्वेष करायला शिकवतात का? एखादा माणूस काय करतो हे न पाहता, तो कुठल्या घरात जन्मला एवढ्यावरून?

हे प्रश्न कुठेही लावून पाहा. शाळेला, मंडळाला, पुढाऱ्याला, आणि माझ्यासारख्या बाईंनासुद्धा!

मेळाव्याचा शेवट

१९३९ च्या मेळाव्याला नाझींनी 'शांततेचा मेळावा' असं नाव दिलं होतं. तो २ सप्टेंबरला सुरू व्हायचा होता. १ सप्टेंबरला हिटलरने पोलंडवर हल्ला केला आणि दुसरं महायुद्ध सुरू झालं. मेळावा रद्द!

शेकोटीभोवती बसलेल्या त्या मुलांना मग खऱ्या लढाईवर धाडलं. १९४३ पासून पंधरा-सोळा वर्षांची शाळकरी पोरं विमानविरोधी तोफांवर नेमली. शेवटी शेवटी तर त्याहून लहान मुलांच्या हातीही शस्त्रं दिली. कितीतरी घरी परतली नाहीत. २ जानेवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात न्यूरेंबर्गचं ते सुंदर जुनं गाव जळून गेलं. सुरुवातीला आपण पाहिली, ती घरं नंतर पुन्हा उभारलेली आहेत.

युद्ध संपल्यावर उरलेल्या नाझी पुढाऱ्यांवर खटला चालला, तो याच गावातल्या न्यायालयात, ६०० क्रमांकाच्या दालनात. नोव्हेंबर १९४५ ते ऑक्टोबर १९४६. आरोपींत श्ट्रायखर होता, त्याला फाशी झाली. हिटलर युवकांचा अनेक वर्षांचा प्रमुख बाल्डुर फॉन शिराख हाही होता. व्हिएन्नाच्या ज्यूंना हद्दपार करण्यातल्या सहभागाबद्दल त्याला वीस वर्षांची कैद झाली. न्यायालयात तो कबूल झाला, की लक्षावधी माणसांचा खून करणाऱ्या एका माणसासाठी आपण मुलांची पिढी घडवली. कबुली दिली खरी, पण ती मुलं कुठून परत आणणार?

आज त्या अर्धवट इमारतीच्या एका टोकाला, २००१ सालापासून, हा सगळा इतिहास सांगणारं संग्रहालय आहे. झेपेलिन मैदानाच्या पायऱ्यांच्या फटींतून गवत उगवलंय. पाडून का टाकत नाहीत, असं मी भावाला विचारलं. तो म्हणाला, ''ताई, इथे यावर खूप वाद झाले. शेवटी ठरलं, की सजवायचं नाही आणि पाडायचंही नाही. पुढच्या मुलांना दाखवायला ठेवायचं.''

दुसऱ्या ठिपक्यावर

आता न्यूरेंबर्गहून आगगाडीने तासाभरात म्युनिक. तिथल्या विद्यापीठासमोरच्या चौकात जमिनीकडे पाहून चाला. फरसबंदीत काही कागद पडलेले दिसतील. उचलायला वाकाल, तर उचलले जाणार नाहीत. ते कायमचे जमिनीत बसवले आहेत. त्यांची गोष्ट सांगते.

उल्म नावाच्या गावी शॉल कुटुंब राहत होतं. हान्स आणि सोफी ही त्यातली भावंडं. वडील रॉबर्ट शॉल नाझींच्या साफ विरोधात. पण पोरं हिटलर युवकांत गेलीच! भटकंती, गाणी, मित्र, कुणाला नको असतात? हान्स तर तुकडीचा नायक झाला. न्यूरेंबर्गच्या मेळाव्यात झेंडा घेऊन जायचा मानही त्याला मिळाला.

तो तिथून परतला, तो गप्प गप्पच. त्यांच्या थोरल्या बहिणीने, इंगेने, हे सगळं लिहून ठेवलंय. हान्सला गिटारवर परदेशांतली गाणी म्हणायला आवडत. वरिष्ठ म्हणाले, ही गाणी चालणार नाहीत. आवडतं पुस्तक वाचत होता. तेही बंद. का? उत्तर नाही. हान्सच्या मनात 'का?' उगवला, तो पुन्हा मावळला नाही.

सोफीने आधी बालवाडीच्या शिक्षिकेचं शिक्षण घेतलं, मग १९४२ साली ती म्युनिकच्या विद्यापीठात आली. हान्स तिथे डॉक्टरकी शिकत होता. त्याने आणि मित्रांनी त्याच उन्हाळ्यात 'श्वेत गुलाब' या नावाने चोरून पत्रकं छापायला सुरुवात केली होती. त्यांत लिहिलेलं असे, की हे सरकार खून करतंय, गप्प बसू नका. सोफीही त्यांना मिळाली. १८ फेब्रुवारी १९४३ रोजी विद्यापीठात पत्रकं वाटताना दोघं पकडली गेली. चारच दिवसांनी, २२ तारखेला, खटला चालला आणि त्याच दिवशी दोघांना मृत्युदंड दिला. सोबत त्यांचा मित्र क्रिस्टोफ प्रोब्स्ट. सोफी २१ वर्षांची होती, हान्स २४ चा.

त्यांचं शेवटचं पत्रक मात्र देशाबाहेर पोचलं. इंग्लंड-अमेरिकेच्या बाजूने त्याच्या प्रती छापल्या आणि विमानांतून जर्मनीवर टाकल्या. आज त्या चौकाचं नावच 'शॉल भावंडांचा चौक' आहे. जमिनीतले ते कागद म्हणजे त्यांचीच पत्रकं.

आईबाबांनो, एवढंच सांगते. हान्स आणि सोफी त्याच संघटनेत होती, त्याच काळातल्या शाळांत शिकली. पण त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर वाद घालता येत होता. वडिलांनी आपलं मत सांगितलं, मुलांनी आपलं. भांडणंही झाली. बाहेर सगळीकडे एकच मत असताना त्या घरात दोन मतं एकत्र जेवत होती. तेव्हा आज रात्री वाढताना पोराने ''पण असं का?'' विचारलं, तर त्याला ''गप जेव'' म्हणू नका.

आणि मुलांनो, तुम्हांला गृहपाठ. वरचे तीन प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. आणि वर्गात असं कुणी मूल आहे का पाहा, ज्याच्याशी कुणी बोलत नाही. उद्या डब्याच्या सुट्टीत त्याच्या शेजारी बसा.